हातचा

हडर्सफील्डला नोव्हेंबरात चारलाच दिवस मिटतो.
जिन्याखालच्या कपाटातला व्हॅक्यूम क्लीनर
आणि कुणाचाच नसलेला पिवळा रेनकोट
बाजूला सारून मी कॉम्प्युटर उघडला.
चार डिस्क. दोन एका दुकानातल्या, दोन दुसऱ्या,
कारण एकाच घाण्यातल्या, म्हणतात,
एकाच आठवड्यात मरतात.

वेगळं कार्ड घेतलं नाही.
एका ओळीच्या आज्ञेने होणाऱ्या कामाला
एकशे ऐंशी पौंड कशाला?
ती ओळ तीनदा वाचली,
एंटर दाबताना श्वास मात्र धरलाच.

चौघींना सांगितलं, आजपासून तुम्ही एक.
येईल त्याचे पट्टे कापा, वाटून घ्या,
आणि दर खेपेला एकीने, आळीपाळीने,
बाकी तिघींची बेरीज लिहून ठेवा.
एखादी गेली, तर उरलेल्या मांडतील वजाबाकी.
मी याला हातचा म्हणते.
खरं तर या बेरजेत हातचा नसतोच,
एक अधिक एक शून्य, विषय संपला.
पण काहीतरी राखून ठेवलंय ना,
मग हातचाच.

त्यात काय भरलं?
कराचे कागद, बॉयलरची हमीपत्रं,
मैथिलीचा ट्रॉम्बोन, नऊ वर्षांचा, तारीखवार,
पहिल्या दोन वर्षांत नुसती म्हैस.
हा बॅकअप नव्हे, मी स्वतःला बजावलं.
चुकून पुसलंस तर चौघी मिळून
एकदिलाने पुसतील.

शेजारचा ग्रॅनव्हिल हेग, वय एकोणऐंशी,
लोकरीच्या गिरणीत मागांचा मिस्त्री होता.
चाळीस वर्षांच्या खडखडाटाने दोन्ही कान गेलेले.
शिडी परत द्यायला आला, कपाटात डोकावला,
पट्टे ऐकून म्हणाला, म्हणजे कापडच की.
मग माझाच स्क्रूड्रायव्हर उचलला,
मूठ कानामागच्या हाडाला, टोक एकेका डिस्कवर,
डोळे मिटून, जसा कुणी नाडी बघतो.
तिसरी, म्हणाला. तिसरीचं बेअरिंग.

मी पडद्याकडे बोट दाखवलं.
चार यू ओळीने उभे, सगळं आलबेल.
तो म्हणाला, मागसुद्धा आधी कधी सांगत नाही, पोरी.
पोरी म्हटल्याचा राग आला नाही,
मला बावन्न पूर्ण झालीत.

बावीस दिवसांनी, मैथिलीच्या बँडची स्पर्धा उद्यावर,
पहाटे मेल आला, माझ्याच मशीनचा मला.
यू, यू, मग एक आडवी रेघ, यू.
पडलेल्या दातासारखी ती रेघ.
आणि तरी वरच्या खोलीतून सकाळी
मैथिलीने मागच्या वर्षीचा सराव लावला तेव्हा
एक सूरही तुटला नाही.
तिघी न थांबता हिशेब करत होत्या,
नसलेलीचा.

नवी बसवली. एकोणीस तास.
या एकोणीस तासांत दुसरी जाता कामा नये,
बेरजेला एकच गैरहजेरी सोसते.
चौदा टक्के. साडेचौदा.
ग्रॅनव्हिल जिन्याच्या तळच्या पायरीवर
चहाचा मग गुडघ्यावर ठेवून बसला,
मधूनच स्क्रूड्रायव्हर टेकवायचा.
चौथी कुरकुरते, म्हणाला,
पण दुखणं नाही, नुसता स्वभाव.
रात्री कधीतरी मी झोपले. तो कधी गेला, माहीत नाही.
मग धुऊन पालथा घातला होता.

जुनी डिस्क त्याने मागून नेली, उघडली.
आतल्या आरशासारख्या चकत्या दोरीला बांधून
वाफ्यातल्या कोबीवर टांगल्या, कबुतरांसाठी.
मार्चच्या वाऱ्यात त्या गरगरतात,
आणि माझ्या मनात येतं,
त्यांच्यावर अजून पट्ट्यापट्ट्याने असेल
मैथिलीची पाव म्हैस.

घाबरतात का कबुतरं? मी कुंपणावरून ओरडून विचारलं.
त्याने मशीन कानात सरळ केलं, नीट विचार केला.
तीन घाबरतात, म्हणाला.
चौथं येतंच.